हिगाशिकावा (होक्काइदो): भाची वर्षभरासाठी चाललीय, गाव कसं आहे आणि तयारी काय करावी?

रामबागची_मावशी (इंदूर)

नमस्कार मंडळी. भाचीला जपानच्या होक्काइदो बेटावरच्या हिगाशिकावा गावात जपानी भाषेच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. ऑक्टोबरात निघायचं आहे. मुलगी २२ वर्षांची. थंडी म्हणजे इंदूरचा जानेवारी, एवढीच ओळख. शाकाहारी आहे, अंडं चालतं.

नेटवर सापडतं ते सगळं पर्यटकांसाठी लिहिलेलं आहे. मला हवंय ते असं: गाव केवढं आहे आणि चालतं कशावर? नकाशात रेल्वे स्टेशन दिसत नाही, मग पोचायचं कसं? तिथे नळयोजनाच नाही म्हणतात, ते खरं का? उणे २० मध्ये घरात काय काय बिघडतं? आणि स्वयंपाकाचं काय, इथून काय न्यावं, काय नेऊ नये?

‘छान आहे, काळजी नको’ असं कृपया लिहू नका. ते मी ताईला रोज सांगतेच आहे.

उत्तरायण

मावशी, नळयोजना नाही हे अगदी खरं आहे, आणि गावकऱ्यांना त्याचा अभिमान आहे. तिथे एक शब्दखेळ चालतो. जपानीत राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे आणि नळयोजना या तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘दो’ येतं, म्हणजे वाट. हिगाशिकावात या तिन्ही ‘वाटा’ नाहीत.

गाव होक्काइदोच्या मधोमध, कामिकावाच्या सपाट खोऱ्यात आहे. पश्चिमेला लागूनच आसाहिकावा हे सव्वातीन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. पूर्वेला गावाची हद्द थेट दाइसेत्सुझान डोंगररांगेत चढते. होक्काइदोचं सगळ्यात उंच शिखर आसाहिदाके (२,२९१ मीटर) याच गावाच्या हद्दीत येतं. क्षेत्र २४७ चौरस किलोमीटर दिसतं खरं, पण त्यातला बराच भाग डोंगर आणि जंगल आहे. माणसं राहतात ती पश्चिमेच्या सपाटीवर, भातखाचरांच्या मधे.

वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास. हा आकडा समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १८९५ मध्ये कागावा, तोयामा, आइची, तोकुशिमा या भागांतून आलेल्या लोकांनी इथे जंगल तोडून शेती सुरू केली. १९५० मध्ये वस्ती दहा हजारांच्या वर होती. मग जपानच्या सगळ्या खेड्यांचं झालं तेच इथेही झालं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सात हजारांच्या खाली आली. तिथून मात्र ती हळूहळू परत वाढली, आणि होक्काइदोच्या खेड्यांत हे फार क्वचित घडतं. मोठा कारखाना आला म्हणून नव्हे, अनेक बारीक निर्णय एकाच दिशेने घेतले गेले म्हणून.

पहिला निर्णय १ जून १९८५ चा. त्या दिवशी गावाने स्वतःला ‘छायाचित्रांचं गाव’ जाहीर केलं. नुसता फलक लावून थांबले नाहीत. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सव भरतो आणि छायाचित्रकारांना पुरस्कार दिले जातात. १९८९ पासून गावाची स्वतःची कलादालनाची इमारत आहे. १९९४ पासून देशभरच्या हायस्कुलांची छायाचित्रस्पर्धा इथेच होते: प्रत्येक शाळेचे तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक, आणि फोटो काढायचे ते याच परिसरात. गावकऱ्यांना अनोळखी पोरांनी कॅमेरा रोखण्याची सवय आहे. नव्या माणसाला याचा फायदा होतो, लोक बिचकत नाहीत.

दुसरा धंदा लाकडाचा. आसाहिकावा फर्निचर म्हणून जे जपानभर विकलं जातं, त्यातलं साधारण ३० टक्के हिगाशिकावाच्या कार्यशाळांत बनतं. २००६ पासून गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला लाकडाची एक छोटी खुर्ची मिळते, त्यावर नाव आणि जन्मतारीख कोरलेली असते. डिझाइन दरवर्षी नवं.

तिसरा, तुमच्या कामाचा. २००९ पासून गाव परदेशी मुलांसाठी थोड्या मुदतीचे भाषावर्ग घेत होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी स्वतःची जपानी भाषेची शाळा काढली. नगरपालिकेने चालवलेली अशी ही जपानमधली पहिली शाळा. ती भरते ‘सेंतोप्युआ’ नावाच्या इमारतीत, म्हणजे जुन्या प्राथमिक शाळेची डागडुजी करून केलेल्या संकुलात. शेजारीच ग्रंथालय आहे, ते २०१८ चं. यात धर्मादाय काही नाही, हेही सांगतो. जपानमध्ये केंद्र सरकार गावांना जो निधी वाटतं त्याच्या हिशेबात लोकसंख्या येते, आणि नोंदणी केलेले परदेशी रहिवासीही त्यात धरले जातात. मुलं गावात राहतात, दुकानांतून सामान घेतात, आकडा वाढवतात. सरळ व्यवहार आहे आणि गाव तो लपवत नाही.

पोचायचं असं. तोक्योच्या हानेदा विमानतळावरून आसाहिकावा विमानतळ, उड्डाण साधारण पावणेदोन तासांचं. हा विमानतळ गावापासून मोटारीने १०-१५ मिनिटांवर आहे. एखाद्या खेड्याला हे सुख फार थोड्या ठिकाणी मिळतं. आसाहिकावा स्टेशनवरून बसने यायचं तर ४० मिनिटं धरा. बसकंपनीचं नाव ‘आसाहिकावा विद्युत ट्राम’ अशा अर्थाचं आहे, ते वाचून ट्राम शोधत बसू नका. १९२७ पासून गावापर्यंत खरोखर ट्राम होती, १९७२ च्या अखेरीस ती बंद झाली, नाव तेवढं उरलं.

बसमध्ये चढताना यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची. समोरच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमकी नाणी पेटीत टाकायची. पेटी सुटे परत देत नाही, नोट मोडायची तर शेजारच्या फटीतून, बस उभी असताना. शेवटची बस लवकर जाते, वेळापत्रकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवायला सांगा.

भट्टी_आणि_बर्फ

घर आणि थंडीचं मी लिहितो. आधी एक खुलासा. शाळेच्या वसतिगृहात राहणार असेल तर यातलं बरंचसं तिथले कर्मचारी बघतात. पण पुढे भाड्याची खोली घेतली, तर खालचं सगळं तिच्या अंगावर येतं.

पाणी. इंदूरच्या भाषेत सांगायचं तर नर्मदेची लाइन नाही, प्रत्येक घराचं आपलं बोरिंग. दाइसेत्सुझानवर पडलेला बर्फ वितळून जमिनीत मुरतो आणि खोऱ्याखालून वाहतो, ते पाणी विजेच्या पंपाने घरात येतं. क्लोरीन घातलेलं नसतं. पाण्याचं बिल नाही, पण पंपाची वीज आणि दुरुस्ती घरमालकाची. वीज गेली की पाणीही जातं. ६ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपानंतर सगळ्या होक्काइदोची वीज गेली होती. अशा वेळी बोरिंगवरची घरं लगेच कोरडी पडतात. म्हणून दहा लिटर पाणी कायम भरून ठेवावं. डोंगराकडे जाताना एक सार्वजनिक झरा आहे, तिथे मिनिटाला ४,६०० लिटर पाणी आपोआप बाहेर येतं. लोक कॅन घेऊन भरायला जातात.

आता गोठणं. थंडी पडते केवढी? आसाहिकावाचा नीचांक उणे ४१ अंश, २५ जानेवारी १९०२ चा, जपानचा आजवरचा अधिकृत विक्रम. आता इतकं होत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत रात्री उणे १० ते १५ हे रोजचं आणि काही पहाटे उणे २० च्या खाली. तापवलेल्या घरात नळ गोठत नाहीत. गोठतात ते घर बंद ठेवून दोन दिवस बाहेर गेल्यावर. त्यासाठी प्रत्येक घरात ‘मिझुनुकि’ची झडप असते, पाणी काढून टाकायची. जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली ती बसवलेली असते, वर फक्त चाक, दांडा किंवा बटण दिसतं. क्रम चुकला तर उपयोग नाही:

आधी झडप पूर्ण बंद करायची. मग घरातले सगळे नळ उघडायचे, गरम आणि गार दोन्ही. एकच दांडा असलेला नळ मधोमध ठेवायचा, म्हणजे दोन्ही नळ्या रिकाम्या होतात. शॉवरची नळी खाली जमिनीवर सोडायची. हवा आत ओढल्याचा घुर्र आवाज आला की पाणी खाली जमिनीत चाललंय असं समजायचं. आवाज आला नाही तर एखादा नळ बंद राहिलाय. शौचकुपाची टाकी फ्लश करून रिकामी करायची आणि भांड्यात उरलेल्या पाण्यात न गोठणारा द्रव ओतायचा. तो दुकानात बाटलीत मिळतो. वॉशिंग मशीनची पाण्याची नळी आणि गिझर लोक हमखास विसरतात. गिझरच्या खाली निचऱ्याचे छोटे बूच असतात, ते सैल करायचे.

परत आल्यावर उलटा क्रम. आधी सगळे नळ बंद, मग झडप पूर्ण उघडायची. अर्धवट उघडी ठेवली तर पाणी घरातही येतं आणि खालच्या निचऱ्यातून जमिनीतही गळत राहतं. बाहेर काहीच दिसत नाही, पण कुणी नळ उघडलेला नसताना पंप सारखा चालू-बंद होत राहतो. तो आवाज ओळखायला शिकावं.

एवढं करूनही गोठलंच, तर नळाभोवती फडकं गुंडाळून त्यावर कोमट पाणी हळूहळू सोडायचं. उकळतं पाणी ओतलं की नळी फुटते. ही चूक नवखा हमखास करतो.

उष्णता. नेहमीची सोय म्हणजे भिंतीला बसवलेली घासलेटची भट्टी, जिची हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी नळी भिंतीतून आरपार गेलेली असते. खोलीतली हवा ती वापरत नाही, म्हणून रात्रभर चालते. धोका एकच, पण जिवावरचा: बाहेरचं नळीचं तोंड बर्फाखाली गाडलं गेलं तर धूर आत फिरतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. मोठा बर्फ पडला की दार उकरायच्या आधी ते तोंड मोकळं करायचं. मागची जाळी महिन्यातून एकदा झाडूने किंवा व्हॅक्यूमने साफ करायची, ती धुळीने भरली की भट्टी आपोआप बंद पडते आणि पडद्यावर आकडा दाखवते.

घासलेटची टाकी घराबाहेर असते, नेहमीचं माप ४९० लिटर. हिवाळ्यात टँकर ठरावीक फेऱ्यांनी भरून जातो. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, नळीत हवा शिरली की नुसतं तेल भरून भट्टी पेटत नाही, हवा काढायला माणूस बोलवावा लागतो. सुटी, विनानळीची भट्टी कुणी दिली तर तासातून एक-दोनदा खिडकी उघडायलाच हवी, आणि झोपताना ती बंदच.

खिडक्या दुहेरी, दाराबाहेर काचेची छोटी पडवी. त्यामुळे घरात २०-२२ अंश सहज राहतात. इंदूरच्या जानेवारीपेक्षा तिथल्या घरात उबदार वाटेल, हे ताईंना सांगा. आतली हवा मात्र कोरडी असते, आणि तरी खिडकीच्या काचेवर पाणी जमतं. ते रोज पुसलं नाही तर चौकटीवर काळी बुरशी येते.

बर्फ. पहिला पांढरा शिडकावा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, टिकणारा थर नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. मोठी यंत्रं पहाटे रस्ते साफ करतात आणि जाताना प्रत्येक दारासमोर बर्फाचा बांध टाकून जातात. तो ज्याचा त्याने काढायचा. त्यासाठी दोन हातांनी ढकलायचं मोठं सुपासारखं फावडं असतं, त्याला तिथे ‘मामासान डंप’ म्हणतात. उचलायचं नाही, ढकलायचं. उचलून टाकणारे दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात. छपराच्या कडेखाली उभं राहायचं नाही, मार्चमध्ये तर नाहीच. तेव्हा दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून वजनदार होतं आणि एकदम सुटतं.

चालणं. डिसेंबरात चौकातलं बर्फ गाड्यांच्या चाकांखाली घासून काचेसारखं होतं. छोटी पावलं टाकायची, आख्खा तळवा सपाट टेकायचा, खिशात हात घालायचा नाही.

रामबागची_मावशी (इंदूर)

वाचून ताईने दोनदा पाणी प्यायलं. पण हेच हवं होतं, धन्यवाद.

कपडे इथून घ्यावे का? राजवाड्याजवळ लोकरीचं बरंच मिळतं. आणि दिवस किती लहान असतो?

भट्टी_आणि_बर्फ

बूट आणि वरचं जाकीट इथून घेऊ नका. आपल्याकडचा तळवा उणे १० मध्ये कडक होऊन घसरतो. तिथल्या दुकानांत बर्फासाठीचे, मऊ रबराचे किंवा खिळे उलटवता येतील असे तळवे मिळतात. गावातच डोंगरभटक्यांच्या सामानाचं मोठं दुकान आहे. इथून न्यायचं ते आतले कपडे: दोन जोड गरम बनियन-पायजमे आणि लोकरीचे मोजे. सुती बनियन अंगाला लागून नको, घाम धरून ठेवतं आणि बाहेर पडल्यावर तेच गार होतं. घरात जाड स्वेटर लागत नाही. बाहेर जाड, आत पातळ, आणि मधे भराभर काढता येईल असं काहीतरी.

दिवस डिसेंबरच्या अखेरीला सकाळी सातच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी चारला संपतो. जूनमध्ये उलट, पहाटे चारच्या आधीच उजाडतं, जाड पडदे लागतात. मोबाइल आतल्या खिशात ठेवायचा, उणे १५ मध्ये बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम शून्यावर येते. कॅमेरा बाहेरून आत आणताना आधी प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत बंद करायचा आणि तासाभराने उघडायचा. नाहीतर ओल काचेवर आणि कॅमेऱ्याच्या आतही धरते.

कुकरची_शिट्टी

स्वयंपाकघर माझ्याकडे.

वीज १०० व्होल्ट, होक्काइदोत ५० हर्ट्झ. प्लगला दोन चपट्या पट्ट्या. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो, चटणी होत नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर ७५० वॉटच्या मिक्सरला निदान १,५०० वॉटचा, आणि तो चांगला जड असतो. त्यापेक्षा खलबत्ता न्या आणि छोटा मिक्सर तिथेच घ्या. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० वर चालतात, त्यांना फक्त प्लगचा अडॅप्टर पुरे.

शेगडी बऱ्याच ठिकाणी इंडक्शनची. ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. तळाला चुंबक चिकटतो तोच कुकर न्या, तीन लिटरचा, आणि एक जादा रिंग व एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह. ते तिथे शोधून सापडत नाहीत.

शाकाहाराची खरी अडचण मांसाची नाही, माशाच्या अर्काची आहे. ‘दाशी’ म्हणजे सूपचा आधार, आणि तो बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा. भाजीच्या सूपमध्ये, उकडलेल्या भोपळ्यात, सॅलडवरच्या पाण्यात, सगळीकडे. ‘भाजी आहे का’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणतील, आणि खोटं बोलणार नाहीत. विचारायचं ते ‘कात्सुओ दाशी आहे का’. समुद्री शेवाळाची ‘कोंबु दाशी’ चालते. दुकानातल्या करीच्या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते, काही पावांत लार्ड (डुकराची चरबी) असतं. ग्यू (गाय), बुता (डुक्कर), तोरी (कोंबडी), राअदो (लार्ड), झेराचिन (जिलेटिन) या पाच शब्दांची जपानी अक्षरं फोनमध्ये फोटो करून ठेवा आणि पाकिटाशी ताडून बघा.

दूध-दही होक्काइदोत उत्तम. बहुतेक दूध फार जास्त तापमानाला तापवलेलं असतं, दही लागतं पण पनीर भुसभुशीत होतं. कमी तापमानाला तापवलेलं मागायचं तर ‘तेइओन साक्किन’. तूप घरी कढवा: बिनमिठाचं लोणी घ्या, पाकिटावर ‘शोकुएन फुशियो’ असतं. २०० ग्रॅमच्या वडीतून साधारण १६० ग्रॅम तूप निघतं.

भात तिथला आखूड आणि चिकट. वरण-भात, दहीभात, खिचडी यांना झकास. मसालेभात मात्र गोळा होतो. तो करायचाच तर तांदूळ चार-पाच वेळा धुवून, निथळून, तुपात दाणा पांढरा होईतो परतायचा आणि पाणी तांदळाच्या मापाइतकंच. साध्या भाताला कुकरबरोबर मिळणारं छोटं माप १८० मिलिलिटरचं असतं, त्यात १५० ग्रॅम तांदूळ मावतो, त्याला २०० मिलिलिटर पाणी. हिवाळ्यात तासभर भिजत ठेवायचा, उन्हाळ्यात अर्धा तास. कमी भिजवला तर दाण्याच्या पोटात कणी राहते.

नेऊ नये असं: ताजी फळं-भाज्या, ताजा कढीपत्ता (तो तर हमखास काढून घेतात), पेरण्याजोग्या बिया, तांदूळ, मांस घातलेलं काहीही. न्यावं असं: हिंग, गोडा मसाला, हळद-तिखट, मेतकूट, पाकीटबंद. आणि अर्थातच सेव. लसूण सेव नेली तर दुहेरी पिशवीत, नाहीतर बॅग वर्षभर आठवण करून देते.

औषधं: डॉक्टरांनी दिलेली एक महिन्यापुरती, चिठ्ठी इंग्रजीत. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का ते बघून घ्या. ठरावीक प्रमाणाच्या वर दोन्हींना जपानमध्ये मनाई आहे.

बडोदे_कालवा (बडोदा)

गाव चालतं कशावर, याचं उत्तर ‘उत्तरायण’ यांनी फोटो आणि खुर्च्यांवर संपवलं. सपाटीवर सगळीकडे दिसतो तो भात, त्याबद्दल एक ओळही नाही! हिगाशिकावाचा तांदूळ स्वतःच्या नावाने विकला जातो आणि ते नाव २०१२ मध्ये प्रादेशिक ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं आहे. ‘युमेपिरिका’ आणि ‘नानात्सुबोशि’ ही मुख्य वाणं.

४३ अंशांच्याही उत्तरेला भात पिकवणं हे पाण्याच्या तापमानाचं काम आहे. पाणी भरपूर, पण वितळलेल्या बर्फाचं. गार पाणी थेट खाचरात सोडलं की पाणी शिरतं त्या कोपऱ्यातलं पीक मागे पडतं, बाकी शेत पिवळं होतं तेव्हा तो तुकडा हिरवाच राहतो. म्हणून कालव्याचं पाणी आधी उथळ, पसरट तलावात फिरवून उन्हात तापवतात. गावाबाहेर असा तलाव आहे, आता त्याभोवती बाग केली आहे. शेतकरी पाणी घेतो ते रात्री किंवा पहाटे, दिवसा दार बंद, म्हणजे साचलेलं पाणी तापतं.

एप्रिलमध्ये प्लास्टिकच्या घरात रोपं, मेच्या उत्तरार्धात यंत्राने लावणी, जुलैअखेर लोंब्या, सप्टेंबरात कापणी. वर्षात एकच पीक. सगळ्यात नाजूक काळ लोंबी बाहेर पडायच्या दहा-पंधरा दिवस आधीचा. तेव्हा काही दिवस गारठा राहिला की परागकण तयारच होत नाहीत, लोंबी येते पण दाणे पोकळ. त्यावर उपाय म्हणून त्या दिवसांत खाचरात १८ ते २० सेंटिमीटर पाणी उभं ठेवतात, म्हणजे पोटातली कोवळी लोंबी पाण्याखाली राहते आणि पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असतं. त्यासाठी बांधही तेवढे उंच लागतात. आपल्याकडे भातात पाणी उभं ठेवतात ते तण मारायला. तिथे तेच पाणी पांघरूण आहे.

त्याच पाण्याच्या आणि तांदळाच्या जोरावर २०२० मध्ये गिफू प्रांतातला, १८७७ पासूनचा, साके म्हणजे तांदळाची दारू बनवणारा एक कारखाना उठून इथे आला. इमारत गावाने बांधली, धंदा त्यांनी चालवायचा.

भाची ऑक्टोबरात पोचेल तेव्हा शेतं कापून मोकळी झालेली असतील. नव्या तांदळाचे दिवस, पाकिटावर ‘शिनमाइ’ लिहिलेलं बघून घ्यायला सांगा. त्या भाताला पाणी चमचाभर कमी घालायचं.

उत्तरायण

भात राहिला, कबूल. मला तो इतका गृहीत वाटला की लिहायचंच विसरलो.

कागदपत्रांचं सांगून टाकतो. रहिवासी कार्ड मोठ्या विमानतळावर, जपानमध्ये शिरतानाच हातात मिळतं. राहायचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत ते कार्ड घेऊन ‘याकुबा’त, म्हणजे गावच्या कचेरीत, पत्त्याची नोंद करायची. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा. तो घेतला की दवाखान्यात ३० टक्के आपण भरायचे. विद्यार्थ्याला काम करायचं तर वेगळी परवानगी लागते, ती विमानतळावरच अर्ज देऊन मिळू शकते, मर्यादा आठवड्याला २८ तास. ही मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून आहे, एका नोकरीची नाही. ती ओलांडली तर व्हिसा वाढवताना अडतं.

कचरा इंदूरच्या मुलीला शिकवायला नको, पण दोन फरक. घरासमोर गाडी येत नाही, ठरलेल्या जागी आपण नेऊन ठेवायचा, ठरलेल्या वारी सकाळीच. आणि चुकीची पिशवी उचलतच नाहीत, चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवतात. सगळा रस्ता बघतो. याकुबात कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या.

रामबागची_मावशी (इंदूर)

शेवटचं एक. आसाहिदाकेला रोपवे आहे म्हणे, तिला जाता येईल का? ती गेल्या गेल्या निघेल, मला माहितीय.

उत्तरायण

रोपवे १,१०० मीटरवरून १,६०० मीटरवर नेतो, दहा मिनिटांत. पण ती पोचेल तेव्हा वर हिवाळा सुरू झालेला असेल. पानांचे रंग तिथे सप्टेंबरच्या मध्यालाच येऊन जातात, जपानमध्ये जवळजवळ सगळ्यांच्या आधी. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास आणि पुन्हा वसंतात देखभालीसाठी काही दिवस रोपवे बंद असतो, तारखा बघूनच निघावं. वरच्या स्टेशनाबाहेर हिवाळ्यात सपाट पांढरं मैदान दिसतं आणि ढग उतरला की दहा पावलांवरचं दिसत नाही. तिथे चालायला बर्फावरचे जाळीचे बूट आणि जाणता माणूस हवा. एकटीने स्टेशनाच्या खिडकीतून बघून परतायचं.

उन्हाळ्यात, जुलैत, वरच्या तळ्याभोवतीची फेरी तासाभराची आहे, वाफेची भोकं जवळून दिसतात, तेव्हा जावं. अस्वलं असतात, पिशवीला घंटी बांधायची. आणि बस सुटायची वेळ खालीच बघून ठेवायची, वर फोनला रेंज मिळेलच असं नाही.